दुष्काळातला पाव

पर्यटन कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा बाबांना जाऊन चार महिने झाले होते. पत्र चांगल्या जाड कागदावर होतं आणि त्यात माझ्या वडिलांचं नाव तिन्ही ठिकाणी बरोबर लिहिलं होतं. त्या पत्राबद्दल एवढंच बरं बोलता येईल. लेओनहार्ट ड्रेसेल यांनी अडतीस वर्षं ब्राइटनफेल्सच्या पाहुण्यांना शहर दाखवलं; त्यांच्या स्मरणार्थ संत किलिअन चर्चच्या उत्तर दाराशी, 'इच्छेच्या पावा'शेजारी पितळी पाटी बसवण्याचं ठरलं आहे; पाटीवर मजकूर असेल, 'पावाच्या प्राचीन श्रद्धेचा राखणदार'; अनावरण मुलीच्या हस्ते व्हावं, ही नम्र विनंती.

मी ते दोनदा वाचलं. मग घडी घालून कपाटात ठेवलं, कारण टेबलावर राहिलं असतं तर मी काहीतरी फोडलं असतं.

प्राचीन श्रद्धा म्हणे. तिचं वय मला पक्कं ठाऊक आहे. ती माझ्याहून तेरा वर्षांनी लहान आहे.

उत्तर दाराच्या खांबावर दोन वर्तुळं कोरलेली आहेत. मोठं थाळीएवढं, त्याखाली १२९१. लहान माझ्या तळहाताएवढं, त्याखाली १३१७. सुकाळाच्या वर्षी एका फेनिगच्या नाण्याला मोठ्या वर्तुळाएवढा पाव मिळायचा. १३१७ मध्ये, सलग तिसऱ्या वर्षी पीक शेतातच कुजल्यावर, लहान वर्तुळाएवढा. बाजार चर्चच्या पायऱ्यांशी भरायचा. घेतलेला पाव बाईने खांबाला लावून बघावा, आणि त्याहून लहान निघाला तर पाववाल्याची मानगूट धरावी, यासाठी ती वर्तुळं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी गाइडचं काम करायचे, म्हणून बाकीचे गाइड त्यांना 'मास्तर' म्हणत. मास्तर आपल्या लोकांना बिशपांच्या संगमरवरी थडग्यांवरून भराभरा पुढे न्यायचे आणि या खांबाशी पंधरा मिनिटं थांबायचे. "बिशपांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलंच आहे," म्हणायचे. "उपाशी माणसांनी लिहिलेलं एवढंच आहे."

आणि याच माणसाने तिथे एकदा थाप मारली.

१९८६चा मे महिना. चेर्नोबिलची बातमी येऊन आठवडा झाला होता. दूध पिऊ नका, वाळूत खेळू नका, पावसात भिजू नका, असं रेडिओ दिवसभर बजावत होता. बाबा तिसरीच्या एका वर्गाला शहर दाखवत होते आणि चौकात पाऊस आला. पोरं किंचाळत उत्तर दाराच्या कमानीखाली पळाली. एक मुलगी मागे राहिली. ती पोचली तेव्हा नखशिखांत भिजली होती. तिच्याजवळ कोणी उभं राहीना. एक मुलगा म्हणाला, "हिला हात लावू नका, ही आता मरणार." ती मुलगी रडतसुद्धा नव्हती, असं बाबा सांगायचे; नुसती हात अंगापासून लांब धरून उभी होती, जणू ते हात तिचे नव्हतेच.

बाबांनी तिचा ओला हात धरला आणि लहान वर्तुळात टेकवला. "हा पाव ज्यांना पुरला, ती माणसं जगली," ते म्हणाले. "इथे हात ठेवला की काही होत नाही. सातशे वर्षांत कुणाला काही झालेलं नाही." मग बाकीच्या पोरांनीही हात ठेवण्यासाठी रांग लावली. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "आज मी एवढ्या पोरांसमोर धडधडीत खोटं बोललो." आई म्हणाली, "बरं केलंत." आम्ही सगळे हसलो होतो.

त्या वर्गाच्या बाईंनी ते दुसऱ्या वर्गाला सांगितलं. एका गाइडने ऐकलं, त्याला आवडलं, आणि 'काही होत नाही'च्या जागी 'इच्छा पूर्ण होते' आलं. पुढे ते माहितीपुस्तिकेत छापलं गेलं. मग दाराशी फलक लागला: 'मध्ययुगापासून यात्रेकरू या पावावर हात ठेवून इच्छा मागत आले आहेत.' आता नदीवरची जहाजं धक्क्याला लागली की दिवसाला दीड-दोन हजार माणसं त्या खांबावर हात घासतात. वालुकाश्म मऊ असतो. १३१७ मधला सात गेला आहे. वर्तुळाची कड एका बाजूने बोथट होत होत नाहीशी झाली आहे. चर्चच्या पाथरवटाने सहा वर्षांपूर्वी माप घेऊन बाबांना सांगितलं होतं, "मास्तर, आणखी वीस वर्षं. मग इथे नुसता खळगा."

बाबांनी पर्यटन कार्यालयाला अकरा पत्रं लिहिली. मी खोटं बोललो होतो, तारीख अमुक, साक्षीदार अमुक, कृपया फलक बदला. प्रत्येक पत्राला उत्तर आलं. आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार. आमच्याकडे पत्राला उत्तर देण्याची पद्धत आहे, ती कोणी मोडत नाही.

जानेवारीत, हॉस्पिटलात, बोलायला दम पुरत नव्हता तेव्हा ते मला म्हणाले, "फलक बदलायला लाव, मेख्टिल्ड. माझं नाव कुठे नको. फक्त तिथे हात लावणं थांबव." आपल्या हातून काय झालं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांना सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट त्यांच्याच एका वाक्याने झिजत होती. मी हो म्हणाले. मरणाऱ्या माणसाला माणूस हो म्हणतोच. पण मी ते खरं धरून म्हणाले होते.

म्हणून मी राहते त्या कासेलहून गाडी पकडून ब्राइटनफेल्सला गेले.

पर्यटन कार्यालयाच्या प्रमुख फ्राउ आइखिंगर चाळिशीच्या, उत्साही आणि मनाने वाईट नाहीत. हे मी न्यायाने लिहिते आहे. त्यांच्या टेबलावर काचेच्या बरणीत लोण्याची बिस्किटं होती, गोल, वर १३१७ छापलेलं.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "इच्छापाव. शहरातल्या सगळ्या बेकऱ्यांत मिळतात."

मी एक उचलून पाहिलं. "हे खऱ्यापेक्षा मोठं आहे."

"म्हणजे?"

"खांबावरचा पाव याहून लहान आहे. दुष्काळातल्या पावापेक्षा तुमचं बिस्किट मोठं आहे."

त्या हसल्या. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

"फ्राउ आइखिंगर, माझ्या वडिलांनी तुम्हाला अकरा पत्रं लिहिली."

"हो हो, फाइल आहे ना आमच्याकडे. फार गोड माणूस. आम्ही सगळे म्हणायचो, मास्तरांचं पत्र आलं की समजावं, वसंत आला."

"त्यांनी लिहिलं होतं की ही श्रद्धा त्यांनी बनवली. मग पाटीवर 'प्राचीन' कसं?"

"कसं आहे बघा," त्यांनी खुर्ची जवळ ओढली, "लोकांना आता ती प्राचीनच वाटते. वाटायला लागली की ती झालीच ना प्राचीन, एका अर्थी? आणि लोक इथे काय शिकायला येतात का? जहाज दोन तास थांबतं. त्यात सॉसेज खायचं, फोटो काढायचा, कुठेतरी हात लावायचा. काही न करता माणूस परत गेला तर त्याला वाटतं, आपण इथे आलोच नाही."

"लावू देत ना कुठेतरी. चौकातल्या कारंज्याला लावा म्हणावं. ते ओतीव लोखंडाचं आहे, झिजणार नाही."

"कारंज्याला गोष्ट नाही."

"या खांबाला आहे! तीन वर्षं लोक गवत उकळून खात होते, ही गोष्ट नाही?"

"आहे, आहे. पण सुट्टीवर आलेल्या माणसाला..." त्यांनी हात हलवला. मग एकदम उजळून म्हणाल्या, "मी असं करते, पाटीच्या कोपऱ्यात तो चौकोनी कोड टाकू. फोन धरला की सगळी सविस्तर माहिती. दुष्काळ, तुमच्या वडिलांची पत्रं, सगळं. ज्याला हवं तो वाचेल."

"एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने घासत वाचेल."

त्यांनी बरणीला झाकण लावलं. "अनावरणाला तीन मिनिटं बोलायला देते तुम्हाला. त्यात काय ते सांगा. मी अडवणार नाही, शब्द देते."

तो शब्द त्यांनी पाळला. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिथून मी चर्चमध्ये गेले. कोर्बिनिअन उत्तर दाराच्या पायऱ्या झाडत होता. चर्चच्या किल्ल्या चाळीस वर्षं त्याच्याकडे आहेत; मला त्याने मेणबत्त्यांच्या खोक्यावर बसून दुधाचे दात मोजताना पाहिलेलं आहे.

"आलीस का गं," तो म्हणाला. "जरा जाड हो. बापासारखी वाळकुडी राहिलीस तर हा वारा तुला नदीपार नेईल."

"कोर्बिनिअनकाका, खांब तुमचा आहे. चर्चचा. शहराचा नाही. तुम्ही फलक काढून टाका."

"मी?" त्याने झाडू खांबाला टेकवला, आणि लगेच चुकल्यासारखं उचलून घेतला. "अगं, दार उघडणं आणि दार लावणं, एवढंच माझं राज्य. आणि पाद्रीबुवांना विचारशील तर त्यांना छपराला तांबं हवंय. हात लावून झालं की लोक आत येतात आणि पेटीत पैसे टाकून मेणबत्ती लावतात. कळलं?"

"बाबा तुमच्याबरोबर दर रविवारी बीअर प्यायचे."

"प्यायचा. आणि दर रविवारी हेच बोलायचा. मी म्हणायचो, लेओ, तू चार पोरांना गप्प करायला गेलास आणि आख्ख्या जगाला बोलतं केलंस, आता पी." त्याने झाडू दुसऱ्या हातात घेतला. "मला वाटायचं, चेष्टा करतोय मी. पण तो घरी जाताना इथून जायचा नाही. मागच्या गल्लीने जायचा."

हे मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक गट आला, पुढे गटाच्या चौदा आकड्याची पाटी उंच धरून गुड्रुन. गुड्रुन गाइडचं काम बाबांच्या मागे फिरून शिकली होती. मला पाहून तिने मान हलवली, पण थांबली नाही. "या खांबावर, मंडळी, सातशे वर्षांपासून..." मग एकामागून एक हात. सनस्क्रीन लावलेले हात, आइस्क्रीमचे चिकट हात, अंगठ्या घातलेले. एका माणसाने नाणं काढून वर्तुळाची कड कोरून पाहिली, बायकोला म्हणाला, "मऊ आहे गं." मी डोळे मिटले नाहीत. बाबा मागच्या गल्लीने जायचे. मी तिथे उभी राहून सगळे एकतीस हात पाहिले.

शनिवारी अकरा वाजता अनावरण झालं. चार वाजंत्री होते, उपमहापौर होते, पाववाल्यांच्या संघाने टोपलीभर इच्छापाव आणले होते. दीडशेक माणसं असतील. निम्मी शहरातली, निम्मी जहाजावरची, ज्यांना वाटत होतं हे रोजच होत असावं.

मी तीन मिनिटं बोलले. लिहून नेलं होतं, एकही विशेषण न वापरता. १३१७ सांगितलं. मे १९८६ सांगितलं, पाऊस, ती मुलगी, तिचे हात. माझे वडील खोटं बोलले आणि त्यांना ते आयुष्यभर सललं, हे सांगितलं. अकरा पत्रं सांगितली. शेवटी म्हणाले, "ही श्रद्धा प्राचीन नाही. हा दगड प्राचीन आहे. कृपा करून त्याला हात लावू नका. त्यांची एवढीच इच्छा होती."

मग टाळ्या. आधी थोड्या, मग कडाडून. एका बाईने रुमाल काढला. उपमहापौर माईकपाशी आले, डोळे खरोखर ओले, आणि म्हणाले, "केवढी सुंदर गोष्ट! मध्ययुगाहूनही सुंदर! एका मुलीचं भय घालवणारा पाव! मी तर म्हणतो, ही गोष्ट आता प्रत्येक पाहुण्याला सांगितली गेली पाहिजे."

फ्राउ आइखिंगर माझ्या कानाशी आल्या. "तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत असं? सोनं आहे सोनं. फलक बदलू आपण, नक्की बदलू!"

"काय लिहाल त्यावर?"

"सगळं. चेर्नोबिल, मुलगी. आणि मग, 'तुम्हीही हात ठेवा.'"

कापड मी ओढलं नाही. उपमहापौरांनी ओढलं. पाटी चकचकीत होती. टाळ्या वाजल्या, वाजंत्री सुरू झाले, आणि मग उपमहापौर बाह्या किंचित वर सारत, फोटोवाल्याकडे पाहत, खांबाकडे निघाले. तळहात उघडलेला होता.

मी आधी पोचले. खांबाला पाठ लावून उभी राहिले. लहान वर्तुळ बरोबर माझ्या खांद्यांच्या मध्ये येतं.

"फ्राउ ड्रेसेल?" उपमहापौर म्हणाले.

"हात लावू नका."

"अहो, आत्ताच तर तुम्ही एवढं छान..."

"ते छान नव्हतं. ती विनंती होती."

त्यांच्यामागे रांग लागली होती. आमच्या लोकांना रांग दिसली की ते आधी उभे राहतात आणि कशाची ते नंतर विचारतात. मागून एक टोपीवाले गृहस्थ ओरडले, "ओ बाई, रांग इथून आहे! सगळेच थांबलेत!"

"मी रांगेत नाहीये," मी म्हणाले.

"तेच तर म्हणतोय! मध्येच घुसायचं आणि वर तोंड करून बोलायचं!"

"ही पुढची बाई पाच मिनिटं झाली तिथेच चिकटलीय," दुसरी एक बाई म्हणाली. "माणसाला किती इच्छा असाव्यात?"

उपमहापौरांनी तळहात मिटला. ते मला ढकलू शकत नव्हते, फोटोवाला समोर होता. ते हसत मागे सरले आणि फ्राउ आइखिंगरांना दबक्या आवाजात म्हणाले, "बघा हो जरा यांच्याकडे." त्यांनी बघितलं. आधी समजावलं, मग दुःखात असं होतं म्हणाल्या, मग सुव्यवस्था खात्याला फोन लावला. वीस मिनिटांनी त्या खात्याचा एक तरुण, गणवेशातला माणूस आला. तोवर वाजंत्री गेले होते, टोपली रिकामी झाली होती, आणि रांग तशीच होती.

"आपण इथे किती वेळ उभ्या राहणार आहात?" त्याने विचारलं.

"इथे उभं राहायला बंदी आहे का?"

त्याने विचार केला. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. "खांब कुणाचा आहे?"

"चर्चचा," गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी कोर्बिनिअनकडे पाहिलं. तो दारात हातात किल्ल्या घेऊन उभा होता.

"यांना हलवायचं म्हणता का?" गणवेशवाल्याने विचारलं. "तुमची जागा. तुम्ही सांगितलंत तर मला हलवावं लागेल."

कोर्बिनिअनने नाक पुसलं. रुमालाची नीट घडी केली. फ्राउ आइखिंगर त्याच्याकडे पाहत होत्या, पाद्रीबुवा आतून डोकावत होते.

"मी कसं सांगणार?" तो म्हणाला. "चर्चच्या जागेतून माणूस हलवायचा तर चर्चच्या परिषदेचा ठराव लागतो. लेखी."

"आणि परिषद कधी बसते?"

"सप्टेंबरात."

कोणीतरी हसलं. गणवेशवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि माझं नाव-पत्ता घेऊन तो निघून गेला. असा नियम आहे की नाही, हे मी कोर्बिनिअनला आजवर विचारलेलं नाही. फ्राउ आइखिंगर जाताना म्हणाल्या, "तुम्ही दमाल, फ्राउ ड्रेसेल." त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच मला जास्त झोंबली. माणसं वाईट असती तर बाबांना अकराव्या पत्राच्या आधीच जिंकता आलं असतं.

दुपारी गुड्रुन आली. पाटीवर आकडा नऊ, मागे सत्तावीस माणसं, बहुतेक म्हातारी.

"मेख्टिल्ड, बाजूला हो," ती ओठ न हलवता म्हणाली. "मला फक्त बारा मिनिटं आहेत, मग यांचं जहाज सुटतं."

"बाबा इथे पंधरा घ्यायचे."

"तुझे बाबा पेन्शनवर होते गं! मी यांच्या बक्षिसीवर जगते. आणि यांना काही मिळालं नाही की यांचा हात खिशात जात नाही. काय सांगू मी यांना?"

"जे तुला त्यांनी शिकवलं ते."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माणसांकडे वळली. पाटी खाली घेतली. घसा साफ केला. "मंडळी, या खांबावर... आत्ता तुम्हाला दिसत नाहीये, कारण त्याच्यासमोर ही बाई उभी आहे... एका पावाचं माप आहे. सन तेराशे सतरा. तीन वर्षं ऊन पडलं नव्हतं. एका फेनिगला एवढा पाव." तिने हवेत हाताने दाखवलं. जास्त मोठं दाखवलं.

"लहान," मी म्हणाले.

तिने हात जवळ आणले.

"अजून लहान."

तिने मूठ वळली आणि धरून राहिली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने स्वतःची मूठ वळून तिच्या मुठीशेजारी धरली. "एका माणसाला?" त्याने विचारलं.

"घराला," मी म्हणाले. "दिवसाचा. तोही ज्याला काम मिळालं त्याला."

एका बाईने विचारलं, "मग हात लावायचा नाही का?" मी म्हणाले, "नाही." ती थोडी खट्टू झाली. तिच्या नवऱ्याने फोटो काढला. खांबाचा की माझा, कळलं नाही. गुड्रुनने घड्याळ पाहिलं, पाटी वर उचलली आणि त्यांना धक्क्याकडे घेऊन गेली. किती जणांनी तिच्या हातावर काही ठेवलं हे मला तिथून दिसत नव्हतं.

माझी पाठ गार पडली होती आणि टाचा दुखत होत्या. रजा सोमवारपर्यंत होती. ती वाढवण्यासाठी कुणाला काय लिहायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागले. कोपऱ्यावर पुढची पाटी दिसत होती, आकडा तीन. रांगेतल्या एकाने मागच्याला विचारलं, "चालू आहे का हो अजून?"

"बंद आहे," मी म्हणाले आणि पाय बदलला.